साइटवरचा मजूर तासाला किती हवा आत ओढतो? श्वसनाचा दर काढायची सविस्तर पद्धत

बांधकाम साइटच्या धुळीचा कुठलाही रिपोर्ट उघडा, हवेत धूळ किती होती ते दशांशापर्यंत दिलेलं असतं, पंप किती लिटरवर चालवला, फिल्टर कुठला लावला, कॅलिब्रेशन कधी झालं, सगळं असतं. आणि मग शेवटच्या पानावर, जिथे ती धूळ माणसाच्या छातीत किती गेली हे काढायचंय, तिथे एकच ओळ असते: 'श्वसन दर १० घनमीटर प्रति शिफ्ट धरला'. कोणाचा धरला? दिवसभर ब्रेकर चालवणाऱ्याचा की गेटवर रजिस्टर घेऊन बसलेल्या वॉचमनचा? दोघांनाही तोच आकडा. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. सेफ्टी ऑफिसर, पर्यावरणाचे किंवा कम्युनिटी मेडिसिनचे विद्यार्थी, नाक्यावरच्या मजुरांसोबत काम करणाऱ्या संस्था, कोणालाही जमेल असं गणित आहे, एक्सेल आणि वजनकाटा एवढंच लागतं.

सगळ्यात आधी: हा दर तुम्हाला लागतोय का?

हे विचारायचं लोक विसरतात आणि मग एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. तुम्हाला फक्त हवेतली धूळ मर्यादेच्या वर आहे का एवढंच बघायचं असेल तर श्वसन दर लागतच नाही. अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था म्हणजे ओशा, तिने बांधकामासाठी २०१६ मध्ये सिलिकाचा (दगड, वाळू, काँक्रीटच्या धुळीतलं फुप्फुसाला घातक खनिज) नियम केला, त्यात ८ तासांची सरासरी मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तुमचं मोजमाप त्याच्या शेजारी ठेवा, झालं काम. तसंच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २००९ मध्ये श्वसनमार्गाच्या जोखमीसाठी जी पद्धत दिली तिच्यात हवेतलं प्रमाण तास-दिवस-वर्षांनुसार खालीवर करून थेट संदर्भ प्रमाणाशी तुलना करतात, माणूस किती हवा घेतो हे त्या संदर्भ आकड्याच्या आतच बसलेलं असतं, त्यामुळे वरून पुन्हा श्वसन दराने गुणलंत तर उत्तर चुकलं.

मग लागतो कधी? एक म्हणजे डोस काढायचा असेल तेव्हा, म्हणजे दर किलो वजनामागे दिवसाला किती मिलिग्रॅम गेलं. कॅलिफोर्नियाची कॅन्सर जोखमीची पद्धत अशीच चालते. दुसरं म्हणजे एकाच साइटवरच्या दोन कामांची तुलना, हवा तीच पण एक जण उभा आहे आणि दुसरी घमेलं घेऊन जिना चढतेय. तिसरं, तुमच्या हातातली मर्यादा हलकं काम गृहीत धरून ठरवलेली असेल आणि तुमच्याकडे काम जड असेल तेव्हा. युरोपच्या रीच (रसायनांच्या नियमांच्या) पद्धतीत ८ तासांत आरामात ६.७ घनमीटर आणि हलक्या कामात १० घनमीटर धरतात आणि या दोघांच्या गुणोत्तराने दुरुस्ती करतात, जड कामाला हेच लॉजिक पुढे नेता येतं.

यातलं काहीच नसेल तर पुढचं वाचायची घाई नाही.

छाती मोजून भागत नाही

आपल्याला हवं ते मिनिटाला फुप्फुसात गेलेल्या हवेचं आकारमान, म्हणजे श्वासांची संख्या गुणिले एका श्वासातली हवा. आरामात बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो, एका श्वासात साधारण अर्धा लिटर, म्हणजे मिनिटाला ६ ते १० लिटरच्या आसपास. काम सुरू झालं की आधी श्वास खोल होतो आणि मग त्यांची संख्या वाढते. म्हणून स्टॉपवॉच घेऊन नुसते श्वास मोजलेत तर फसाल, मिनिटाला ३० श्वास अर्ध्या लिटरचे असले तर १५ लिटर आणि दीड लिटरचे असले तर ४५ लिटर, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय आपल्या छातीकडे कोणीतरी बघतंय म्हटल्यावर माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. संख्या हवी तर पडताळणीसाठी मोजा, उत्तर म्हणून नको.

युनिटचं एकदाच सांगून ठेवतो: लिटर प्रति मिनिटला ०.०६ ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतात. २० लिटर म्हणजे १.२ घनमीटर. अर्धे घोळ इथेच होतात.

तयार आकडे कुठून येतात आणि कुठे अडकतात

ईपीएच्या जुन्या पद्धतीत मोठ्या माणसाला दिवसाला २० घनमीटर आणि वजन ७० किलो धरायचे. २०११ च्या एक्स्पोजर फॅक्टर्स हँडबुकमध्ये मोठ्यांचा रोजचा सरासरी आकडा १६ घनमीटरच्या आसपास आला आणि वजन ८० किलो झालं. रेडिएशनवाल्यांच्या आयसीआरपीने १९९४ च्या ६६ नंबरच्या प्रकाशनात कामगाराचा दिवस फोडून दाखवला, बसून ०.५४, हलकं काम १.५ आणि जड काम ३ घनमीटर तासाला. त्यात साध्या कामगाराचे ८ तासांचे ९.६ घनमीटर होतात, आणि ७ तास हलकं अधिक १ तास जड काम करणाऱ्याचे १३.५. हे मला आवडतं कारण आकडा कुठून आला ते दिसतं.

त्याच २०११ च्या हँडबुकात वयानुसार मिनिटाचे आकडे पण आहेत. तिशीतल्या माणसाला बसून ४.३ लिटर, हलक्या कामाला १२, मध्यमला २७ आणि जोराच्या कामाला ४९. आता मध्यम आणि जोराच्या कामातलं अंतर बघा. एखादा तास तुम्ही 'मध्यम' मधून उचलून 'जोराचं' मध्ये टाकलात तर १.३ घनमीटर वाढले! म्हणजे सगळा खेळ वर्गवारीवर आहे, आणि स्लॅबवर घमेलं देणाऱ्या साखळीतली बाई मध्यम का जोराची हे तिकडचं टेबल सांगणार नाही, ते तुम्हालाच उन्हात उभं राहून बघावं लागतं.

आणि वजन. ७० काय, ८० काय, आपल्या साइटवरच्या किती बायका तेवढ्या वजनाच्या असतात? आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं (आयसीएमआर-एनआयएन) २०२० चं संदर्भ वजनसुद्धा पुरुष ६५ आणि बाई ५५ आहे, आणि ते चांगल्या पोसलेल्या निरोगी माणसाचं वजन आहे, मराठवाड्यातून मुलंबाळं घेऊन पुण्याला आलेल्या जोडप्याचं नाही.

पहिलं काम: माणसं हुद्द्याने नाही, कामाने वाटा

मस्टरवर 'हेल्पर' लिहिलेलं असतं, त्याचा काहीच उपयोग नाही. हेल्पर सकाळी खडी भरतो, दुपारी पाणी मारतो, संध्याकाळी राडारोडा उचलतो. तुम्ही कामं लिहा: घमेलं वाहणं, फावड्याने भरणं, वीटकाम, प्लॅस्टर, सळई कापणं-वाकवणं-बांधणं, सेंटरिंगच्या प्लेटा वाहणं-ठोकणं-खोलणं, ब्रेकर, चिपिंग, ग्राइंडरने टाइल कापणं, पुट्टी घासणं, झाडलोट, क्युरिंगचं पाणी, आणि थांबणं. थांबणं नक्की लिहा कारण साइटवर माल यायची, लिफ्ट यायची, मिस्त्री यायची वाट बघण्यात बराच वेळ जातो आणि तो वेळ हलका असतो.

ज्यांची कामं आणि धूळ साधारण सारखी त्यांचा एक गट. छोट्या साइटवर चार-पाच गट पुरतात, वीस गट केलेत तर मोजायला माणसं उरणार नाहीत.

दुसरं: वेळ कुठे गेला

मजुराला संध्याकाळी विचारलंत 'घमेलं किती तास वाहिलं?' तर उत्तर 'दिवसभर' येणार, आणि ते खोटं नाहीये, त्याच्या अंगाला तसंच वाटतं. मुकादमाला विचारलंत तर तो त्याच्या सोयीचं सांगेल. म्हणून दर ५ मिनिटांनी बघून टिपायचं, गटातले पाच-सहा जण नजरेत ठेवायचे, प्रत्येक कामाला एक अक्षरी कोड, आणि घड्याळ वाजलं की त्या क्षणी कोण काय करतंय तो कोड लिहायचा. त्या क्षणाला तंबाखू मळत असेल तर 'थांबणं' लिहा, 'पण आत्ताच तर घमेलं टाकून आला' असा न्याय करत बसू नका. एका तासात १२ नोंदी, ८ तासांत ९६, त्यातल्या ३६ घमेल्याच्या असल्या तर ३ तास घमेलं. इतकं सोपं आहे.

दिवस निवडताना डोकं लावा. स्लॅबचा दिवस आणि साधा दिवस यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, स्लॅबला काम संपेपर्यंत सुट्टी नाही, रात्र झाली तरी. रेडीमिक्स पंपाने येत असेल तर घमेल्याचं काम जवळपास गायब होतं आणि व्हायब्रेटर, फावडं वाढतं. उक्तं काम घेतलेल्या टोळीचा वेग रोजंदारीवाल्यांपेक्षा जास्त असतो आणि ती टोळी थांबतही कमी, त्यामुळे दोघांना एका गटात घालू नका. मे महिन्यातलं आणि डिसेंबरमधलं काम पण सारखं नसतं.

टिपताना कधीमधी विचारा, 'ताई, हे घेऊन चढताना बोलता येतं का, का धाप लागते?' सलग वाक्य बोलता येत असेल तर काम मध्यमपर्यंत आहे, दोन-तीन शब्दांनी थांबावं लागत असेल तर जोराचं. बोर्गची ६ ते २० ची मोजपट्टी (काम किती जड वाटतंय ते माणसाने स्वतः आकड्यात सांगायचं) माहीत असेल तर ती वापरा, तिच्यातल्या आकड्याला १० ने गुणलं की नाडीचा ढोबळ अंदाज येतो. हिंदी, कन्नड, ओडिया बोलणारी टोळी असेल तर त्यांच्यातलाच एक जण सोबत घ्या, 'दम लागणं' खाणाखुणांनी विचारता येत नाही.

तिसरं: वजन, वय, आणि गणित

वजनकाटा स्वतःचा न्या. हेल्मेट, बूट, बेल्ट काढून वजन घ्या. कागदावर नाव लिहू नका, नंबर द्या, आणि हे कशाला चाललंय ते आधी सांगा, नाहीतर कामावरून काढायला यादी बनवतायत असा समज होतो (आणि तो समज अगदीच निराधार असतो असंही नाही).

आता सूत्र. लेटन नावाच्या संशोधकाने १९९३ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि अजून तीच सगळ्यात कामाची आहे. शरीर जितकी ऊर्जा जाळतं तितका ऑक्सिजन लागतो, आणि जितका ऑक्सिजन लागतो त्याच्या साधारण २७ पट हवा फुप्फुसातून फिरवावी लागते. एक मेगाजूल ऊर्जेला ०.०५ घनमीटर ऑक्सिजन, गुणिले २७, म्हणजे एक मेगाजूलला १.३५ घनमीटर हवा. बस, हा १.३५ लक्षात ठेवा.

ऊर्जा काढायला दोन गोष्टी: काहीही न करता पडून राहिलं तर लागणारी ऊर्जा, म्हणजे बीएमआर, आणि काम त्याच्या किती पट आहे, म्हणजे मेट. बीएमआरला स्कोफिल्डची सूत्रं चालतात. १८ ते ३० वयाच्या बाईला वजन × १४.८ + ४८७, आणि ३० ते ६० वयाच्या पुरुषाला वजन × ११.५ + ८७३, उत्तर दिवसाच्या किलोकॅलरीत येतं. बाकी वयोगटांची सूत्रं वेगळी आहेत, ती तक्त्यातून घ्या. मेटचे आकडे कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज नावाच्या यादीत मिळतात. वीटकाम-काँक्रीटचं मध्यम काम ४ च्या थोडं वर, वायरिंग-प्लंबिंग ३ च्या वर, ब्रेकरसारखं जड मशीन ६.३, विटांसारखं जड ओझं वाहणं ८.

प्रत्यक्ष करून बघू. २८ वर्षांची, ४५ किलो वजनाची, घमेलं वाहणारी बाई घ्या. बीएमआर ४५ × १४.८ + ४८७ = ११५३ किलोकॅलरी. ४.१८४ ने गुणून हजाराने भागलं की ४.८२ मेगाजूल दिवसाला, २४ ने भागून ०.२०१ तासाला. १.३५ ने गुणा, ०.२७१. हा तिचा आकडा, म्हणजे एका मेटला तासाला ०.२७१ घनमीटर, आता फक्त मेटने गुणत जायचं.

घमेलं वाहणं, जाताना भरलेलं येताना रिकामं म्हणून सरासरी ६ मेट धरू, तासाला १.६३ घनमीटर, ३ तास, ४.९. फावड्याने भरणं ७ मेट, १ तास, १.९. झाडलोट आणि पाणी मारणं ३.५ मेट, २ तास, १.९. थांबणं-बसणं १.५ मेट, २ तास, ०.८. बेरीज ९.५ घनमीटर.

म्हणजे डिफॉल्टचा, सुरुवातीच्या त्या ओळीतला १० बरोबरच होता की! इथे बरेच जण वही मिटतात. आता वजनाने भागा. ९.५ भागिले ४५ म्हणजे किलोमागे २११ लिटर. डिफॉल्टमध्ये १० भागिले ७० म्हणजे १४३ लिटर. हवा जवळपास तेवढीच पण शरीर लहान, म्हणून किलोमागचा डोस दीडपट. कॅलिफोर्नियाच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेत कामगाराच्या ८ तासांसाठी किलोमागे वरच्या टोकाचा आकडा २३० लिटर आहे, तुमचं उत्तर त्याच्या जवळपास घुटमळत असेल तर गणित जागेवर आहे समजा.

आणि इथे एक गोष्ट अजून तिच्या बाजूने धरलेली नाही. मेटचे आकडे ज्या लोकांवर काढले ती वजनदार माणसं होती, घमेलं मात्र सगळ्यांना सारखंच. वीसेक किलोचं घमेलं ८० किलोच्या माणसाला पाव वजन आहे आणि हिला जवळपास निम्मं. त्यामुळे ६ मेट हा तिच्यासाठी कमीच असणार.

दुसरा माणूस, ३२ वर्षांचा, ६२ किलो, जुनी इमारत तोडायच्या कामावर ब्रेकर चालवणारा. बीएमआर १५८६ किलोकॅलरी, एका मेटला तासाला ०.३७३ घनमीटर. ब्रेकर ६.३ मेट, तासाला २.३५, ४ तास, ९.४. राडारोडा भरणं ६ मेट, २ तास, ४.५. थांबणं १.५ मेट, २ तास, १.१. एकूण १५ घनमीटर. ब्रेकर चालू असताना तो मिनिटाला ३९ लिटर हवा घेतोय. मिनिटाला ३५-४० लिटरच्या पुढे बहुतेक माणसं नाकासोबत तोंडानेही श्वास घ्यायला लागतात, म्हणजे नाकाची गाळणी बाजूला राहते आणि मोठे कणही आत उतरतात. डोसच्या आकड्यात हे दिसत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये शब्दांत लिहा.

नाडीवरून काढायची पद्धत, आणि ती आपल्याकडे कुठे घसरते

छातीचा पट्टा किंवा मनगटी घड्याळ लावून दिवसभराची नाडी मिळते आणि नाडीवरून हवा काढता येते, हे ऐकायला फार छान वाटतं. १९९३ मध्येच लॉस एंजेलिसच्या १९ बांधकाम कामगारांवर ओझोनच्या संदर्भात हे झालं होतं, नाडीची नोंद आणि कामाची डायरी दोन्ही एकत्र. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे प्रत्येक माणसाचं आधी स्वतंत्र कॅलिब्रेशन, त्याच्या नाडीला त्याची किती हवा हे वेगवेगळ्या जोरावर मोजून घेतलेलं. ती पायरी गाळून कुठल्यातरी पेपरमधलं सूत्र उचललं तर आकडे छापायच्या लायकीचे राहत नाहीत.

कॅलिब्रेशन असं: मेडिकल कॉलेजच्या फिजिओलॉजी विभागात किंवा स्पोर्ट्स लॅबमध्ये हवा मोजायचं यंत्र असतं, तिथे माणसाला बसवून, मग पायरीवर चढ-उतार करायला लावून, तीन-चार पातळ्यांवर नाडी आणि हवा दोन्ही घ्या. नाडी आणि हवेचं नातं सरळ रेषेत नसतं, पण हवेचा नॅचरल लॉग घेतला की बऱ्यापैकी सरळ होतं. एक्सेलमध्ये एलएन, स्लोप, इंटरसेप्ट ही तीन फंक्शन आणि लॉगवरून परत लिटरवर यायला ईएक्सपी, एवढं पुरतं. समजायला फक्त दोन बिंदू घ्या, नाडी ८० ला १० लिटर आणि १३० ला ३० लिटर. उतार ०.०२२ आणि अचल संख्या ०.५४५ येते, आणि ११० नाडीला १९ लिटर. सरळ रेषेने काढलं असतं तर २२ आलं असतं.

आता घसरण. ऊन. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात शरीर थंड ठेवायला नाडी वाढते, श्वास त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे दुपारची हवा फुगून येते. रक्त कमी असलं तरी तेच, आणि एनएफएचएस-५ (२०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) प्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया आहे, म्हणजे हा अपवाद नाही, नियम आहे. तंबाखूने नाडी वाढते. हात डोक्यावर धरून छताला ड्रिल मारणं किंवा पुट्टी घासणं, तिथेही त्याच ऑक्सिजनला नाडी जास्त धावते. आणि स्वस्त मनगटी घड्याळं ब्रेकरच्या थरथरीत काहीही दाखवतात, तिथे छातीचा पट्टाच हवा.

माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे लॅब नाही त्यांनी नाडीच्या मागे लागू नये. डायरी नीट ठेवून मेटने काढलेला आकडा कॅलिब्रेशन नसलेल्या नाडीपेक्षा जास्त भरवशाचा असतो. नाडी असेलच तर ती 'हा तास खरंच जड होता का' एवढं तपासायला वापरा.

धुळीशी गुणताना सरासरी घेऊ नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ज्या कामात धूळ जास्त त्याच कामात दम जास्त, ब्रेकर चालू असताना धूळही उडते आणि श्वासही वाढतो, दोन्ही एकाच वेळी. दिवसाची सरासरी धूळ गुणिले दिवसाची हवा केलंत की हे एकत्र येणं पुसलं जातं.

वरच्याच ब्रेकरवाल्याचं करू. धुळीचे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, श्वसनयोग्य (फुप्फुसात खोलवर जाईल इतकी बारीक) सिलिका ब्रेकरला ०.२०, राडारोड्याला ०.१० आणि थांबताना ०.०२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. कामागणिक: ९.४ × ०.२० = १.८८, ४.५ × ०.१० = ०.४५, १.१ × ०.०२ = ०.०२. एकूण २.३५ मिलिग्रॅम. आता डिफॉल्टने: ८ तासांची सरासरी ०.१३, गुणिले १० घनमीटर, १.३ मिलिग्रॅम. जवळपास अर्धा! हवा बरोबर १५ धरली आणि धूळ मात्र सरासरी, तरी १.९५ येतात, म्हणजे अजून सहावा हिस्सा कमीच.

म्हणून पंपाचं फिल्टर शक्य असेल तर कामागणिक बदला. बजेट नसेल तर निदान एक फिल्टर धुळीच्या कामाला आणि एक बाकीच्या वेळेला. आणि हो, ०.१३ मिलिग्रॅम म्हणजे १३० मायक्रोग्रॅम, ५० च्या मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त, अशा साइटवर श्वसन दराचा पेपर लिहीत बसण्याआधी ब्रेकरला पाण्याचा नळ जोडा.

रेंज द्या, एक आकडा नको

मी तीन वेळा गणित चालवतो. मधलं वर केलं तसं. खालच्या टोकाला २७ च्या जागी २४ आणि बीएमआर १० टक्के कमी, कारण भारतीयांचा बीएमआर या आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा पाच-दहा टक्के कमी भरतो असं आपल्याकडे धरतात. वरच्या टोकाला २७ च्या जागी ३३, कारण जोराच्या कामात धाप लागली की ऑक्सिजनच्या मानाने हवा जास्त फिरते, आणि घमेल्याला ६ ऐवजी ८ मेट. ४५ किलोच्या बाईचे ७.६ ते १३.६ घनमीटर येतात, किलोमागे १६९ ते ३०२ लिटर. रेंज मोठी आहे हे खरं, पण तिचं खालचं टोकसुद्धा डिफॉल्टच्या १४३ च्या वर आहे, आणि मीटिंगमध्ये कोणी 'तुमचं गणित अंदाजपंचे आहे' म्हणालं तर हेच दाखवायचं. मोंटे कार्लो (आकडे रेंजमध्ये हजारो वेळा बदलून गणित चालवायची पद्धत) येत असेल तर करा, नसेल तर तीन ओळी पुरे.

मास्क? डोसमधून मास्क वजा करायचा मोह टाळा. ओशा एन९५ सारख्या मास्कला १० चं संरक्षण धरते, म्हणजे आत बाहेरच्या दहावा हिस्सा धूळ, पण ते फिट टेस्ट केलेल्या आणि पूर्ण वेळ घातलेल्या मास्कला. हनुवटीवर लटकणाऱ्या मास्कला आणि तोंडाला बांधलेल्या गमछाला शून्य. डायरीत मास्कचा वेगळा रकाना ठेवा, खरंच घातलेला दिसला तर टिक, मग जे दिसलं ते धरा.

दिवस-वर्षांचं पण बघा. ईपीए कामगाराला वर्षाला २५० दिवस धरते. आपल्याकडे काही साइटवर फक्त अमावस्येला सुट्टी, आणि दुसरीकडे पावसाळ्यात अर्धी टोळी गावी पेरणीला. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला वर्षात ९० दिवस काम दाखवावं लागतं, त्यावरून खरे दिवस काढायला जाऊ नका, ती किमान अट आहे. माणसाला सणांच्या हिशेबाने विचारा, दिवाळी ते होळी कुठे होता, अक्षयतृतीयेनंतर कुठे, असं विचारलं की बरोबर आठवतं.

आणि शिफ्ट संपली म्हणजे श्वास संपला असं नाही. बरीच कुटुंबं साइटवरच्याच पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांचे उरलेले १६ तास त्याच धुळीच्या कमी प्रमाणात जातात, तर झोप, स्वयंपाक, बसणं यांचे मेट लावून तो भाग जोडा. तिथे खेळणारं पोर पण धरा. ईपीएच्या २०११ च्या तक्त्यात ३ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला १०.१ घनमीटर आहेत. पोर १४ किलोचं असेल तर किलोमागे ७२० लिटर, म्हणजे ६० किलोच्या आणि दिवसाला १६ घनमीटर घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या अडीच पटीहून जास्त, आणि ते कुठल्याच मस्टरवर नसतं.

रिपोर्टमध्ये शेवटी एवढं छापा: प्रत्येक गटाचं वजन आणि वय, कामागणिक तास, कामागणिक मेट आणि तो कुठून घेतला, बीएमआरचं सूत्र, २७ चा आकडा आणि त्याची दोन टोकं, कामागणिक घनमीटर, शिफ्टची बेरीज, किलोमागे लिटर. एका पानात बसतं. पुढच्या माणसाला एखादा मेट पटला नाही तर तो तेवढाच बदलून पुन्हा चालवू शकतो, सगळी साइट परत मोजायला नको.